घरून काम, नळाचा दिवस आणि "तू त घरच शे ना भो"

तापीकाठचा | १६ एप्रिल, रात्री ११.५२

मंडळी, हा धागा रात्री पावणेबाराला काढतोय, यातच अर्धं दुखणं आलं. दिवसाचं काम आत्ता कुठे उरकलं.

मार्च २०२० मध्ये दोन आठवड्यांसाठी म्हणून लॅपटॉप आणि दोन जीन्स घेऊन पुण्याहून गावी आलो. जीन्स दोन्ही फाटल्या, मी अजून इथेच आहे. गाव शिरपूर-चोपडा पट्ट्यातलं. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. सकाळी साडेदहाला टीमचा कॉल, संध्याकाळी साडेसहाला अमेरिकेतल्या लोकांचा, कारण तिथे तेव्हा सकाळचे नऊ वाजतात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की तोच कॉल साडेसातला सरकतो. मधले आठ तास माझे. कागदावर.

काल नळाचा दिवस होता. नळाचा दिवस म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी खुशाल पुण्यातून सल्ले द्यावेत. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी पहाटे, कधी भर उन्हात, आणि आलं की तासाभरात टाकी, हौद, ड्रम, हंडे, कुलर, सगळं भरून घ्यायचं. १०.४० ला मी कॉलवर बोलत होतो. गल्लीतून आरोळी आली, "नळ उना रेऽऽ!" आईने मोटर लावली. मोटर लागली की आमचे दिवे पिवळे पडतात आणि राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतो. मी कॉलवरून गायब. परत आलो तोवर माझ्याच बगवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीवर, चर्चा होऊन गेली होती आणि ते लचांड माझ्याच गळ्यात पडलं होतं. तेवढ्यात आई दारात. हातात पाइप, पायाखाली पाणी. "तू बठेलच शे त हाऊ पाइप धर."

साडेअकराला चुलतकाका. सातबारा काढून पाहिजे, डिजिटल सहीचा, पंधरा रुपयेवाला. पंधरा रुपये ते देत नाहीत, मी मागत नाही. आता आलोच आहे तर फार्मर आयडीचं, म्हणजे त्या सरकारी शेतकरी ओळख क्रमांकाचं, काय झालं तेही बघ. ओटीपी जातो मुलाच्या फोनवर, मुलगा सुरतेला, लूमच्या आवाजात त्याला रिंग ऐकू येत नाही. त्याचा फोन येईपर्यंत काका पलंगावर, चहा, वरून माझ्या स्क्रीनकडे बघत, "हाई काय शे?"

दुपारी जेवण, कुलरसमोर डुलकी. चारला लग्नाची पत्रिका घेऊन पाच जण. कॉलची वेळ झाली तेव्हा दिवसभरात एकूण सव्वा तास काम झालेलं.

प्रत्येकाचं वाक्य एकच: तू त घरच शे ना भो. हेतू कुणाचाच वाईट नाही. आमच्या गल्लीत काम म्हणजे शेतात जाणं, दुकान उघडणं, नाहीतर मोटारसायकलला डबा अडकवून शिरपूर गाठणं. खुर्चीत बसून काचेकडे बघणारा माणूस रिकामाच असणार.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी, ती टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावरून नाव पडलेली पद्धतही करून झाली. टायमर वाजला की आई गॅस बंद करायला उठते.

तर, तुम्ही काय करता? "दार लावून घ्या" सोडून सांगा. दार लावलं की बरं नाही का म्हणून विचारायला येतात.

धुळे_ते_हिंजवडी | १७ एप्रिल, सकाळी ८.१०

परत या. इथे एका बाजूने दीड तास ट्रॅफिकमध्ये जातो, पण त्या दीड तासात कुणी पाइप धरायला सांगत नाही.

कुलरबहाद्दर | १७ एप्रिल, सकाळी ९.२५

जळगाव. नळावर माझ्याकडे इलाज नाही, राउटरवर आहे. घरचा राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो आणि दहा-बारा वॅटच्या वर खात नाही. त्याच्यासाठी हाताच्या पंजाएवढा छोटा यूपीएस वेगळा मिळतो. मोटरने दाब पाडला काय नि लाइट गेली काय, राउटरला पत्ताच लागत नाही. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर तेवढे जुळवून घ्या.

इन्व्हर्टर असेल तर हिशेब असा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. मधली गळती आणि बॅटरी तळापर्यंत न खरवडण्याचं पथ्य धरलं तर हजार-अकराशे हाती लागतात. लॅपटॉप ६०, साधा पंखा ७५, राउटर १०. सात तास निघतात. कुलर जोडला की तो एकटा दीडशे-पावणेदोनशे ओढतो, मग साडेतीन तासांत अंधार.

पण माझ्या मते खरा घोळ वेळेचा आहे. पारा ४४-४५ वर गेला की दुपारी दोन ते साडेचार डोक्याचं काम होत नाही. मी ते कबूल करून टाकलं. आम्ही गच्चीवर झोपतो. साडेपाचला गादी गुंडाळून खाली येतो आणि नऊपर्यंत जे सगळ्यात किचकट ते उरकतो. दुपारी ईमेल, टाइमशीट, असली मान डोलवायची कामं.

कुलर आपल्याकडे झकास चालतो कारण हवा कोरडी. पहिला पाऊस पडला की तोच खोलीत वाफ भरतो, तेव्हा पंप बंद करून नुसता वारा घ्या. आणि तोंडापाशी दांडी येणारा माइकचा हेडफोन घ्याच. माझ्या मॅनेजरने एकदा विचारलं होतं, विमानतळावर आहेस का?

झणझणीत | १७ एप्रिल, दुपारी १.४०

दुपारले शेवभाजी दाबीसन मीटिंगमा बसशी त झोप येईच ना भो. त्यामा कुलरना काय दोष?

बागायतदार | १७ एप्रिल, दुपारी ३.०५

प्रामाणिक शंका. आयटीत एवढं काम खरंच असतं का? आमचा भाचा दिवसभर ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका दिसावा म्हणून माऊस हलवत असतो.

तापीकाठचा | १७ एप्रिल, दुपारी ३.२०

@बागायतदार, भाच्याचा आयडी काय?

वीस_तारीख | १७ एप्रिल, रात्री १०.१५

शहाद्याहून लिहिते. एका सीए कार्यालयाची जीएसटी विवरणपत्रं घरून भरते. सासरी. म्हणजे तुमच्या दुखण्यात एक मजला वर.

तापीकाठचा दादा, तुम्हाला निदान पाइपच धरायला सांगतात. मला मागच्या वर्षी १९ तारखेला कुरडयांचा चीक घोटायला बसवलं होतं. ज्यांनी घोटला नाही त्यांच्यासाठी: तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढून निवळायचा, आणि तो एकदा चुलीवर चढला की हात थांबवायचा नाही, थांबला की गाठी. २० तारीख म्हणजे जीएसटीआर-३बी, महिन्याचा कर भरायच्या विवरणपत्राची शेवटची तारीख. ओट्यावर लॅपटॉप, हातात घाटा, फोनवर गिऱ्हाईक ओटीपी सांगतंय, "पाच, आठ..." आणि सासूबाई, "अगं तळाला लागतंय!" चीक लागला. ओटीपीची मुदत संपली. दोन्ही एकाच मिनिटात.

त्या रात्री मी भांडले नाही, हिशेब मांडला. म्हटलं आई, उशीर झाला तर एका गिऱ्हाइकामागे दिवसाला ५० रुपये दंड, आणि माझ्याकडे चाळीस गिऱ्हाइकं आहेत. त्यांनी मनात गुणाकार केला. "दोन हजार? रोजना?" रोजना.

तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच चतुर्थीला आणि एकादशीला खूण करतात तशी ११ आणि २० ला करतात. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र. पाहुण्यांचा फोन आला की परस्पर सांगतात, वीसनंतर या, सध्या सुनेचा दंड चालू आहे. दंड नाही हो, काम, म्हणून मी दुरुस्त करायचे. आता करत नाही. चालू दे दंड.

सांगायचा मुद्दा, तुमच्या आईला तुमचं काम किती रुपयांचं आहे हे कधी सांगितलंत का? बग, स्प्रिंट, रिलीज यातलं घरात कुणाला काही कळत नाही. आकडा कळतो.

अवांतर: पहाटे साडेपाचला बसा हा सल्ला वाचून हसू आलं. साडेपाचला मी बसले तर डबे कोण करणार?

कुलरबहाद्दर | १७ एप्रिल, रात्री १०.४०

@वीस_तारीख ताई, रास्त. माझा साडेपाचचा चहा बायको करते, हे लिहायचं राहिलं. तिला दाखवलं तर म्हणाली, "लिही आता."

निवृत्त_मास्तर | १८ एप्रिल, सकाळी ६.३०

मी अमळनेर तालुक्यात बत्तीस वर्षं शिकवलं. दहावीचे पेपर घरी तपासायला यायचे तेव्हा घरात लग्न असो, पाहुणे असोत, गठ्ठा ठरल्या दिवशी परत गेलाच पाहिजे. तेव्हाही नळ होते आणि काकाही होते.

धागाकर्त्याचं पत्र वाचलं. छान लिहिलंय, पण त्यात सगळा दोष इतरांचा आहे. विद्यार्थी असंच लिहितात. एक करा. तीन दिवस शेजारी वही ठेवा. काम तुटलं की वेळ लिहा आणि कोणी तोडलं ते लिहा. खरं लिहा. मग इथे येऊन आकडे सांगा.

आकडेमोड | १८ एप्रिल, सकाळी ११.००

या विषयावरचा बहुतेकांना माहीत असलेला प्रयोग म्हणजे सीट्रिपचा. शांघायची ही प्रवासाची बुकिंग करणारी मोठी कंपनी. २०१० च्या शेवटी त्यांनी कॉल सेंटरमधल्या इच्छुक लोकांतून ज्यांच्या वाढदिवसाची तारीख सम त्यांना आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं, विषमवाले ऑफिसातच. नऊ महिने. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी ते मोजलं. घरून करणाऱ्यांचं काम १३ टक्के जास्त भरलं, त्यातला मोठा वाटा ते कमी उठले आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या याचा.

लोक एवढं सांगून थांबतात. दोन गोष्टी सांगायच्या राहतात. एक, घरून काम करायला भाग घेताना अट होती की घरात कामासाठी वेगळी खोली पाहिजे. दुसरी, प्रयोग संपल्यावर पुढे काय करायचं ते निवडा म्हटल्यावर घरून करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ऑफिसला परतले. एकटं वाटायचं म्हणून.

आपल्याकडे दोन्ही उलटं. खोली नाही आणि एकटं वाटायची सोय नाही.

जंक्शनवाला | १८ एप्रिल, दुपारी १२.३५

आकडेमोड यांचं शेवटचं वाक्य वाचून एक आठवलं.

आम्ही भुसावळचे, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. वडील मालगाडीवर ड्रायव्हर. दोन खोल्या, आम्ही भावंडं चार, आजी. वेगळ्या खोलीचं नावच नको. वडील रात्रभर गाडी चालवून सकाळी आठला यायचे आणि भर दिवसा झोपायचे. आई खिडकीला ओली चादर लावायची, ती पडदा पण आणि गारवा पण. ती चादर दिसली की सगळी ओळ गप्प. भाजीवाली आमच्या दारापाशी आरोळी द्यायची नाही, पुढे जाऊन द्यायची. क्रिकेटचा चेंडू आमच्या अंगणात गेला तर तो संध्याकाळपर्यंत तिथेच. शेजारच्यांची चादर लागली की आम्ही त्यांच्यासाठी गप्प.

ड्युटीचा निरोप घेऊन कॉलमन यायचा, सायकलवर, वहीवर सही घ्यायचा. रात्री अडीचला आला तरी घरात कुणी कुरकुर केली नाही. आजी फक्त विचारायची, "ड्युटी कुठली?"

तुमच्या घरी तुम्ही "मीटिंग आहे", "कॉल आहे", "काम चाललंय" म्हणता ना? ते शब्द आपल्याकडे हलके आहेत. मीटिंग बचत गटाचीही असते, कॉल तर मामांचाही असतो. "ड्युटी" म्हणून बघा. वेळ सांगा, संपायची वेळही सांगा, आणि काहीतरी टांगा जे बाहेरून दिसेल. माझ्या घरी मी दाराला वडिलांची जुनी हिरवी झेंडी अडकवतो. लाल अडकवायला पाहिजे खरं तर, पण लाल बघितली की आई घाबरते.

वीस_तारीख | १८ एप्रिल, दुपारी २.१०

झेंडी! +१. वाचनखूण साठवली.

तापीकाठचा | २२ एप्रिल, रात्री ९.३०

मास्तर, वही ठेवली. तीन दिवस. खरं लिहिलं, म्हणून उशिरा सांगतोय.

एकूण ४१ वेळा काम तुटलं. त्यात आई ६, काका आणि तत्सम ५, लाइट ३, नळ १ (पण तो एकटा पन्नास मिनिटांचा), दारावर इतर २. झाले १७. उरलेल्या २४ ओळींपुढे माझंच नाव आहे. फोन उचलला. फोन उचलला. क्रिकेटचा स्कोअर. फोन. पुण्यातल्या घरांच्या किमती. फोन. एकदा हा धागा.

त्यातही गंमत बघा. काका येऊन गेले की लगेच पुढच्या दोन ओळी माझ्या. म्हणजे काका अर्ध्या तासाने जातात, मी "आता वेळ गेलाच आहे" म्हणून अजून अर्धा तास स्वतःहून घालवतो आणि तोही काकांच्या खात्यावर मांडतो.

आईला आकडाही सांगितला. पगाराला कामाच्या तासांनी भागून. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मंग इतला पैसा जास कुठे?" हे अस्त्र उलटलं, ताई.

निवृत्त_मास्तर | २३ एप्रिल, सकाळी ६.१०

२४ लिहिलेत, पुरे. पुढचं तुम्ही कराल.

अभ्यासिकावाला | २३ एप्रिल, दुपारी १२.१५

जळगावात आहे. मी सरळ स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका लावली. महिना आठशे रुपये, टेबल, पंखा, वायफाय, डोक्यावर ट्यूबलाइट. सगळे माना खाली घालून बसलेले, त्यामुळे फोन काढायची लाज वाटते. तोटे: कॉल जिन्यात घ्यावे लागतात आणि तिथून खालच्या रसवंतीची घुंगरं ऐकू येतात. मुलं मला काका म्हणतात. माझं वय ३४. एकाने विचारलं, "काका, कितवा अटेम्प्ट?"

तापीकाठचा | २३ एप्रिल, दुपारी १२.४०

आमच्या गावात अभ्यासिका नाही. सभागृह आहे, पण लग्नसराईत तिथे बँडवाले झोपतात. बघू, अखाजी (अक्षय्य तृतीया) होऊ द्या. बहिणी माहेरी येतायत, मागच्या अंगणात झोका बांधून झालाय, आठवडाभर काही खरं नाही.

तापीकाठचा | २२ जून, सायंकाळी ५.१५

धागा वर काढतोय, क्षमस्व.

आमच्या घराच्या दर्शनी बाजूला आप्पांचं किराणा दुकान होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी २०१९ मध्ये बंद केलं. तेव्हापासून तिथे रिकामे डबे, काटा, कापसाची पोती. अखाजीनंतर एका रविवारी ते झाडून काढलं. फळ्यांवर अजून जिऱ्याचा वास आहे. काउंटर तसाच ठेवला, त्यावर लॅपटॉप. राउटरला कुलरबहाद्दरांनी सांगितला तो छोटा यूपीएस. तो फारच कामाचा निघाला, गेल्या महिन्यात मोटरमुळे एकदाही कॉलवरून गळालो नाही.

आता दिवस असा. सव्वादहाला मी घरातून निघतो. मागच्या दाराने नाही, मुद्दाम पुढच्या दाराने, चपला घालून, दहा पावलं चालून दुकानाचं शटर वर करतो. त्या शटरला तेल नाही. त्याचा तो खडखडाट गल्लीला सहा वर्षांनी पुन्हा ऐकू आला. पहिल्या दिवशी दोन म्हाताऱ्या बाहेर येऊन बघून गेल्या. शटर अर्धं ठेवायचं. दीडला खाली, अडीचला वर, सहाला आईने चहा आणायचा, साडेसातला कुलूप.

जंक्शनवाला, तुमचा शब्द घेतला. आईला सांगितलं, सव्वादहा ते साडेसात ड्युटी. त्या बाईने तो शब्द असा उचलला की विचारू नका. परवा काका आले, फार्मर आयडी अजून लटकलेलाच आहे. मी आतून ऐकलं. आई म्हणाली, "तो ड्युटीवर शे. दुपारले सुट्टीमा या." काका घरच असलेल्या माणसाला भेटायला दुपारी दीडला परत आले, आणि दाराशी चपला काढताना विचारलं, "सुट्टी व्हयनी का साहेब?" साहेब! पाच वर्षांत पहिल्यांदा.

गंमत म्हणजे काम तेच आहे, माणूस तोच, अंतर दहा पावलांचं. पण दुकान उघडलेला माणूस रिकामा नसतो हे आमच्या गल्लीला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. जे मी तोंडाने पाच वर्षं सांगत होतो ते शटरने एका खडखडाटात सांगितलं.

तोटे आहेतच. उजेड मागून येतो, कॅमेऱ्यात माझा चेहरा काळा दिसतो. पत्रा तापतो. गिऱ्हाइकं येतात. "सुतळी शे का?" "गूळ काय भाव लावला?" एका पोराने पाच रुपये काउंटरवर ठेवले आणि चॉकलेट मागितलं, तेव्हा माझा स्क्रीन अमेरिकेत शेअर होता आणि आवाज चालू होता. पलीकडून एकीने विचारलं, तिथे दुकान आहे का? मी हो म्हटलं. आता टीममध्ये मला शेठ म्हणतात. संध्याकाळच्या कॉलसाठी बरणीत गोळ्या आणून ठेवल्यात, पोरांना एकेक देऊन पिटाळतो. महिन्याला दीडशे रुपये खर्च, कंपनीकडे मागता येत नाही.

बागायतदार | २२ जून, रात्री ८.००

मानलं. भाच्याला दाखवलं. तो म्हणतो आमच्याकडे दुकान नाही. म्हटलं गोठा आहे.

वीस_तारीख | २२ जून, रात्री १०.०५

दादा, छान झालं. पण १७ मिटले, २४ चं काय?

तापीकाठचा | २३ जून, सकाळी १०.०५

ताई, तुम्ही आणि मास्तर एकाच शाळेत होतात का?

२४ शटरबाहेर राहिले नाहीत, माझ्याबरोबर आत आले. पहिल्या आठवड्यात उलट वाढले, कारण आता कुणी बघत नव्हतं.

जंक्शनवाला | २३ जून, दुपारी १.१५

फोन घरात आईकडे द्या ना.

तापीकाठचा | २३ जून, दुपारी १.४०

लॉगिनचा ओटीपी त्याच्यावरच येतो. दिला होता एक दिवस. आईने त्यावरून तिच्या बहिणीला सव्वा तास व्हिडिओ कॉल केला आणि माझा प्रोजेक्ट मॅनेजर मध्ये येत होता तो कापला.

तापीकाठचा | ९ जुलै, रात्री ८.२०

ताई, २४ चं उत्तर. लिहू की नको असं चाललं होतं.

काउंटरला आप्पांचा गल्ला आहे. लाकडी, आत चिल्लरसाठी वाटीसारखे खोलगट कप्पे, आणि खेचला की मागची पितळी घंटा वाजते, टिंग. पूर्वी आप्पा मागच्या खोलीत जेवत असले तरी त्या आवाजावर उठायचे. कुणी आणि का हात घातला ते बघायला.

मी फोन त्या गल्ल्यात ठेवायला लागलो. फोन पाहिजे तर गल्ला खेचायचा. टिंग. आता पाऊस झाल्यापासून आप्पा बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून बसतात, त्यांना दिसत कमी असलं तरी ऐकू सगळं येतं. पहिल्या दिवशी टिंग झालं तसे ते बाहेरूनच म्हणाले, "बोहनी व्हयनी का रे?" मी काही बोललो नाही. परत टिंग. "कोन उनं?" कुणीच नाही आप्पा. थोड्या वेळाने परत. तेव्हा ते काठी टेकत आले, शटरखालून वाकून बघितलं. मी गल्ल्यात हात घालून उभा. हातात फोन. त्यांनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि परत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवसापासून ते मोजतात. मास्तरांची वही परवडली असती. एकादशीच्या आदल्या दिवशी तिघं जण साबुदाणा विचारून गेले, त्यांना आप्पांनीच ओट्यावरून परत लावलं, "दुकान बंद शे, पोऱ्या ड्युटीवर शे," आणि वर मला, "आज अठरा."

काल नऊ. आज कॉल संपवून कुलूप लावत होतो, तर खुर्ची आत घेता घेता म्हणाले, "आज चारच. धंदा मंदा दिखस."